रोलबॅक ‘ओके’ म्हणतो तेव्हा नेमकं काय परत येतं?

गेल्या पावसाळ्यात आमच्या प्रयोगशाळेच्या नोंदणीच्या अ‍ॅपवर मी एक मायग्रेशन मागे घेतलं. टर्मिनलवर एक ओळ उमटली, तिच्या शेवटी ‘ओके’. टेबल उघडून बघितलं तर पाच आठवड्यांपूर्वी मीच काढून टाकलेले दोन कॉलम जागेवर परत आले होते. नाव तेच, प्रकार तोच. आणि दोन्ही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत रिकामे.

आजचा लेख या ‘ओके’बद्दल आहे. तुमच्यातले बरेच जण नेट, सेट किंवा पेटच्या तयारीत असतील, आणि संगणकशास्त्राचे नसतीलही. मीही नाही, मी रसायनशास्त्राची. पण आज कुठल्याही विषयात संशोधन करा, कधी ना कधी डेटाबेसशी गाठ पडतेच, आणि बहुतेक वेळा तो आपणच कुणाला तरी विचारत विचारत उभा केलेला असतो. म्हणून ही गोष्ट संगणकवाल्यांवर सोडून देता येत नाही.

झालं असं

आमचं काम उपनगरातल्या नद्यांच्या पाण्यावर आहे. दहिसर, पोयसर, ओशिवरा, मिठी. ठरलेल्या जागांवरून नमुने आणायचे, मोजायचे, नोंदवायचे. पीएच आम्ही दोनदा मोजतो, एकदा नदीवर आणि एकदा प्रयोगशाळेत. बाटली बोरिवलीहून निघून आमच्या टेबलावर येईपर्यंत पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडची हवेशी देवाणघेवाण होते, तापमान बदलतं, जिवाणूंचं काम तर चालूच असतं. त्यामुळे हे एकाच गोष्टीचे दोन आकडे नव्हेत. त्यांच्यातला फरक हीसुद्धा माहिती असते.

अ‍ॅप जँगोमध्ये लिहिलेलं आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जँगो, रेल्स, लाराव्हेल ही वेब फ्रेमवर्क्स आहेत. डेटाबेसच्या रचनेत, म्हणजे स्कीमात बदल करायचा तर त्यात ‘मायग्रेशन’ नावाची छोटी फाइल लिहितात. फाइलला क्रमांक असतो. पुढे जाताना काय करायचं आणि मागे येताना काय करायचं, हे दोन्ही त्यात असतं. मागे येणं म्हणजे रोलबॅक.

माझ्या टेबलात पीएचचे दोन कॉलम होते आणि दर वेळी आलेख काढताना ‘यातला कुठला घेऊ’ हा प्रश्न यायचा. एका रविवारी मी ‘साफसफाई’ केली. नवा एकच कॉलम केला. नियम लिहिला: नदीवरचा आकडा असेल तर तो घ्या, नसेल तर प्रयोगशाळेतला. आकडे तिकडे हलवले, जुने दोन्ही कॉलम काढून टाकले. आकडे हलवण्याच्या पायरीला जँगोमध्ये उलटी क्रिया द्यावी लागते. ती दिली नाही तर मागे येताना तो तिथेच थांबवतो. मी त्या जागी ‘नूप’ टाकलं, म्हणजे ‘मागे येताना काही करू नकोस’. तेव्हा ते नीटनेटकेपणाचं लक्षण वाटलं होतं.

पाच आठवड्यांनी मॅडमनी सेमिनारच्या तयारीत सहज विचारलं, “नदीवरच्या आणि इथल्या पीएचमध्ये पावसाळ्यात किती फरक पडतो, ते काढलंस का?” मी म्हटलं, आजच काढते. रोलबॅक केला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

बदलाच्या आधीचा एक बॅकअप सुदैवाने होता. तो अख्खा परत चढवला असता तर मधल्या पाच आठवड्यांच्या सगळ्याच नोंदी गेल्या असत्या. म्हणून तो वेगळ्या जागी उघडला आणि त्यातून जुन्या नमुन्यांचे दोन्ही आकडे ओळीला ओळ जुळवून आणले. ते परत आले. मधल्या नमुन्यांचं काय? त्या काळात अ‍ॅपमध्ये पीएचची एकच चौकट होती. नमुने आणणाऱ्यांनी कधी नदीवरचा आकडा टाकला, कधी प्रयोगशाळेतला. वही तर अ‍ॅप आल्यावर आम्ही बंदच केली होती. ते आकडे आजही आहेत, पण ते कशाचे आहेत हे कुणीही सांगू शकत नाही. ऐन पावसाच्या पाच आठवड्यांचा पीएच माझ्या प्रबंधातल्या त्या तुलनेतून बाद झाला.

चूक माझी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नंतर वाचायला बसले तेव्हा लक्षात आलं की माझ्या चुकीला त्या साधनाच्या भाषेनेही हातभार लावला होता. टीका करायची आहे ती त्या भाषेवर.

सगळी मेख कंसात

रेल्समध्ये मायग्रेशनची कल्पना जवळजवळ सुरुवातीपासून आहे. आधी ‘अप’ आणि ‘डाऊन’ अशा दोन पद्धती हाताने लिहाव्या लागत. २०११ च्या ३.१ आवृत्तीत ‘चेंज’ आलं: पुढचं लिहा, मागचं रेल्स स्वतः ओळखेल. २०१३ च्या ४.० मध्ये ‘रिव्हर्सिबल’ आलं. जँगोत हे काम आधी अँड्र्यू गॉडविनचं ‘साउथ’ हे वेगळं साधन करायचं. २०१४ च्या १.७ आवृत्तीपासून मायग्रेशन जँगोच्याच पोटात आलं, तेही मुख्यतः त्याच्याच हातून. लाराव्हेलमध्येही ‘अप’ आणि ‘डाऊन’ आहेत.

या सगळ्यांचं श्रेय आधी देऊ. याआधी स्कीमा बदलणं म्हणजे सर्व्हरवर जाऊन कुणीतरी हाताने आज्ञा देणं आणि काय केलं ते विसरून जाणं. मायग्रेशनमुळे बदलाला क्रम आला, इतिहास आला. दुसऱ्या माणसाला आपल्या यंत्रावर तीच रचना उभी करता आली. संशोधनात ज्याला आपण पुनरुत्पादनक्षमता म्हणतो, तिच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट आहे.

अडचण ‘रिव्हर्सिबल’ या शब्दाशी सुरू होते. रेल्समध्ये कॉलम काढून टाकण्याची क्रिया ‘उलटवता येणारी’ ठरते, फक्त कॉलमचा प्रकार सोबत लिहा. का, तर प्रकार माहीत असेल तर तो कॉलम पुन्हा तयार करता येतो. जँगोच्या कागदपत्रांत फील्ड काढून टाकण्याबद्दल जे लिहिलंय त्याचा आशय असा: ही क्रिया उलटवता येते (डेटा गेला असेल तर तो सोडून), फक्त फील्ड रिकामं चालणारं असलं पाहिजे किंवा त्याला एखादी ठरावीक सुरुवातीची किंमत असली पाहिजे.

डेटा सोडून! डेटाबेसमध्ये डेटा सोडला तर उरतं काय? घाटकोपरच्या एखाद्या भाडेकरूला सांगावं की तुमचं घर तुम्हाला परत मिळेल (सामान सोडून), तसं हे आहे. कागदपत्रं खोटं बोलत नाहीत, कंसात का होईना, खरं लिहिलंय. पण अट कुठे लावलीय ते बघा. कॉलमला रिकामं राहण्याची मुभा असेल तर उलटवता येतं, नसेल तर नाही. म्हणजे साधन विचारतंय, ‘परत आल्यावर टेबल नियमात बसेल का?’ ‘गेलेलं परत येईल का?’ हा प्रश्न त्याने विचारलेलाच नाही. माझ्या ‘ओके’चा अर्थ एवढाच होता की साचा परत आलाय. मी तो ‘काम झालं’ असा वाचला.

आणि ‘नूप’ तर त्याहून सोयीचं. खरोखर काही करायची गरज नसते तिथे ते योग्यच आहे. पण ‘काही करायला नको’ आणि ‘काही करता येत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी त्याच्या आड एकसारख्या दिसतात. दुसऱ्या गोष्टीसाठी रेल्समध्ये मुद्दाम फेकता येते अशी एक चूक आहे, ‘इर्रिव्हर्सिबल मायग्रेशन’. जँगोत उलटी क्रिया दिलीच नाही तरी तेच होतं. दोन्हीकडे प्रामाणिक उत्तराची सोय आहे, फक्त ते उत्तर लाल अक्षरांत येतं म्हणून आपल्याला ते अपयश वाटतं.

शाळेतलंच गणित

हे सगळं एकास एक फलनाच्या व्याख्येत बसतं. दोन वेगळ्या गोष्टी आत टाकल्यावर बाहेर एकच गोष्ट येत असेल, तर बाहेरच्यावरून आतलं ओळखता येत नाही. ‘नदीवर ७.२, प्रयोगशाळेत ७.६’ आणि ‘नदीवर ७.२, प्रयोगशाळेत मोजलंच नाही’, माझ्या नियमातून दोन्ही बाहेर पडतात ते ७.२ म्हणूनच. इथे व्यस्त फलन अस्तित्वातच नाही. कुठलंही फ्रेमवर्क ते लिहून देऊ शकणार नाही.

कॉलमचं नाव बदलणं एकास एक असतं, परत फिरता येतं. नवा कॉलम वाढवणं तसंच. कॉलम पुसणं तसं नाही. दोन कॉलम एकत्र करणं बहुधा नाही. आपल्याकडचं नावाचंच उदाहरण घ्या. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव असे तीन खण जोडून एक ‘पूर्ण नाव’ केलं. मागे येताना जिथे मोकळी जागा आहे तिथे तोडायचं. पण एखाद्याच्या स्वतःच्या नावातच दोन शब्द असतात, कुणी मधलं नाव लावत नाही, कुणाला आडनावच नसतं. तीन शब्दांवरून तीन खण भरतील, बरोबर भरतील याची हमी नाही.

एक टेबल तोडून दोन केली तर? याचं उत्तर तुमच्या अभ्यासक्रमातच आहे. सिल्बरशॅट्झ, कॉर्थ आणि सुदर्शन यांचं ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ अनेकांनी परीक्षेपुरतं तरी चाळलं असेल. यातले सुदर्शन म्हणजे आपल्या पवईच्या आयआयटी मुंबईचे. त्यात नॉर्मलायझेशनच्या प्रकरणात ‘लॉसलेस’ विभाजनाची अट येते: दोन तुकड्यांत जे कॉलम सामाईक आहेत, त्यांच्यावरून निदान एका तुकड्यातली ओळ पूर्णपणे ठरली पाहिजे. तसं असेल तर तुकडे पुन्हा जोडल्यावर मूळ टेबल मिळतं. नसेल तर जोडल्यावर मुळात नसलेल्या ओळी उगवतात. आपण ही अट पाच गुणांसाठी पाठ करतो. ती खरं तर ‘हा बदल मागे घेता येईल का’ याची कसोटी आहे. हे मला तरी कुठल्या वर्गात कळलं नव्हतं.

संशोधनाने काय केलं

स्कीमा बदलांवरचं काम जुनं आहे. त्यातला एक पेपर मी मुद्दाम सुचवेन, कारण तो वाचायला सोपा आहे आणि त्यावर टीका करायलाही शिकवतो. कार्लो कुरिनो, ह्युन मून आणि कार्लो झानिओलो यांचा २००८ सालचा प्रिझमवरचा पेपर, व्हीएलडीबी परिषदेतला. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीचा स्कीमा साडेचार वर्षांत १७० हून अधिक आवृत्त्यांतून गेला होता. तो खरा इतिहास त्यांनी चाचणीसाठी घेतला. बदल लिहिण्यासाठी मोजक्या क्रियांची भाषा केली: टेबल तोडा, जोडा, विभागा, कॉलम वाढवा, काढा, नाव बदला. आणि प्रत्येक क्रियेच्या व्यस्ताबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारले. व्यस्त एकमेव आहे का? आणि ते परिपूर्ण आहे का? नाव बदलण्याला दोन्हीकडे ‘हो’. कॉलम काढण्याला तसं नाही.

फ्रेमवर्क्सनी एवढंच उचललं असतं तरी माझं काम झालं असतं. एका ‘उलटवता येतं’ऐवजी दोन खूण-चौकटी: रचना परत येते का, माहिती परत येते का. बदल लागू करण्याआधीच दिसल्या असत्या.

जिथे परिपूर्ण व्यस्त नाही तिथे काय करायचं, यासाठी प्रिझमने फेगिन, कोलाइटिस, पोपा आणि टॅन यांच्या २००७ च्या ‘क्वासी-इन्व्हर्स’ या कल्पनेचा आधार घेतला. ढोबळ अर्थ असा की मूळ नेमकं सापडत नसेल तर मुळाशी समतुल्य ठरेल असं काहीतरी शोधायचं. गणित म्हणून ते सुंदर आहे. पण समतुल्य कशासाठी? एकत्र केलेल्या पीएचवर जे प्रश्न विचारता येतात, तेवढ्यापुरती माझी रिकामी झालेली टेबलंही मुळाशी समतुल्यच आहेत. मॅडमचा प्रश्न त्या प्रश्नांत बसत नव्हता, एवढंच. पेपर वाचताना ‘समतुल्य’, ‘सुसंगत’, ‘योग्य’ असे शब्द आले की पेन्सिलीने बाजूला लिहायची सवय लावा: कुणाच्या दृष्टीने, कुठल्या प्रश्नापुरतं?

याहून मोठा आक्षेप वेगळा आहे, आणि तो फ्रेमवर्क आणि हे गणित दोघांनाही लागू होतो. व्यस्त फलनाची व्याख्या म्हणते की आधी पुढे जा, मग लगेच मागे या, आणि निघालेल्या जागी पोचलात का ते बघा. म्हणजे मधल्या काळात काही घडलं नाही असं गृहीत धरलंय. प्रत्यक्षात रोलबॅक कधी होतो? बदल लागू झाल्यावर, लोकांनी नवं अ‍ॅप वापरल्यावर, अडचण लक्षात आल्यावर. तोवर तासन्‌तास, कधी आठवडे गेलेले असतात. ‘डाऊन’च्या हाती जो डेटाबेस पडतो तो ‘अप’ने दिलेला नसतोच, त्यावर माणसांनी पुढे बरंच काही लिहिलेलं असतं.

म्हणूनच कॉलम वाढवणं कागदावर परिपूर्णपणे उलटवता येतं, पण व्यवहारात ते तेवढं निर्धोक नाही. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये शासकीय कागदपत्रांत आईचं नाव लावणं बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला, १ मे २०२४ पासून. क्रम असा: स्वतःचं नाव, आईचं, वडिलांचं, आडनाव. आता कल्पना करा, एखाद्या महाविद्यालयाच्या प्रवेश-अ‍ॅपमध्ये यासाठी नवा कॉलम केला, आठवडाभर मुलांनी अर्ज भरले, मग दुसऱ्याच कुठल्यातरी बिघाडामुळे कुणीतरी रोलबॅक दाबला. उलटी क्रिया म्हणजे कॉलम पुसणं. ती बिनबोभाट होईल, ‘ओके’ येईल. आठवडाभरात भरलेली आयांची नावं गेली. जुन्या बॅकअपमध्येही ती नसणार, कारण तेव्हा कुणी विचारलीच नव्हती.

आपल्या शहराने हा प्रकार वेगळ्या पातळीवर पाहिलाय. मुंबई महापालिकेचे निवडणूक प्रभाग २२७ होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते २३६ करायचं ठरवलं. ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या सरकारने पुन्हा २२७ केले. कुठलं बरोबर हा माझा विषय नाही. मधल्या काळाकडे बघा. २३६ धरून सीमा आखल्या गेल्या, आरक्षणाच्या सोडती निघाल्या. त्या काळात कुणी सर्वेक्षण करून नोंदी २३० व्या प्रभागाशी जोडल्या असतील, तर २२७ च्या यादीत त्यांना जागाच नाही. आणि मधल्या एखाद्या क्रमांकाशी जोडल्या असतील तर जास्त वाईट, कारण तो क्रमांक दोन्ही याद्यांत आहे पण सीमा तीच असेल असं नाही. आकडा परत २२७ झाला म्हणजे मधला काळ घडलाच नाही असं होत नाही. मुंबईवर काम करणाऱ्या समाजशास्त्राच्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या टेबलातल्या प्रभाग क्रमांकाशेजारी तो कुठल्या रचनेतला, हे आजच लिहून ठेवा.

मधल्या काळाचा विचार संशोधनात झालाच नाही असं मात्र नाही. प्रिझमच्याच लेखकांनी पुढच्या कामात, प्रिझम प्लस प्लसमध्ये, जुन्या-नव्या रचनांमधली अद्ययावत लिखाणं हाताळली. प्रोग्रामिंग भाषांच्या बाजूला फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘लेन्स’ मांडल्या. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लेन्समध्ये मागे येणाऱ्या फलनाला दोन गोष्टी लागतात: बदललेलं नवं रूप आणि जुनं मूळ. फक्त नव्यावरून जुनं काढा, असा हट्टच नाही. २०१७ मध्ये हेरमन आणि सहकाऱ्यांनी इन्व्हर्डा ही प्रणाली मांडली. तिच्यात स्कीमाच्या जुन्या आणि नव्या आवृत्त्या एकाच डेटावर एकाच वेळी चालू राहतात, आणि जे एका रूपात मावत नाही ते बाजूच्या साहाय्यक टेबलांत जपलं जातं.

या सगळ्याचं सार मला असं दिसतं: मागे येण्यासाठी लागते ती आठवण, आणि ती पुढे जातानाच बांधून घ्यावी लागते. मागे येण्याची आज्ञा कितीही हुशार असली तरी ती आठवण निर्माण करू शकत नाही. फ्रेमवर्कची रचना याच्या बरोबर उलट सुचवते. ‘अप’ आणि ‘डाऊन’ शेजारी शेजारी, सारख्या मापाचे, जणू एकाच जिन्याचे दोन मार्ग.

संशोधनालाही एक प्रश्न. हे सगळं इतकी वर्षं ठाऊक असताना ते रोजच्या साधनांत का उतरलं नाही? इन्व्हर्डाला बदल तिच्या स्वतःच्या भाषेत लिहून हवे असतात. माझा ‘हा असेल तर तो, नसेल तर तो’ हा नियम पायथनमध्ये लिहिलेला आहे, आणि त्यात काहीही लिहिता येतं, म्हणून त्याबद्दल आधी काही सांगता येत नाही. जिथे सिद्धता आहे तिथे लोक राहत नाहीत, आणि लोक राहतात तिथे सिद्धता पोचत नाही. पीएचडीसाठी विषय शोधत असाल तर ही फट मोठी आहे, आणि अजून भरलेली नाही.

‘मागे जायचंच नाही’ म्हणणारे

काही अनुभवी लोक म्हणतात, ‘डाऊन’ लिहूच नका. चूक झाली तर ती दुरुस्त करणारं नवं मायग्रेशन लिहा आणि पुढेच जा. यात प्रामाणिकपणा आहे, आणि मधल्या नोंदी हमखास उडवणारं बटण निदान हाताशी राहत नाही. पण गेलेला आकडा नव्या मायग्रेशनलाही सापडत नाही. दिशा बदलून आठवण येत नाही.

आणखी एक तांत्रिक गोष्ट थोडक्यात. पोस्टग्रेसमध्ये रचनेतले बहुतेक बदल व्यवहाराच्या आत होतात, मध्येच काही फसलं तर सगळंच रद्द होतं. मायएसक्यूएलमध्ये रचनेतला प्रत्येक बदल तिथल्या तिथे पक्का होतो. त्यामुळे पाच पायऱ्यांचं मायग्रेशन तिसरीवर फसलं तर पहिल्या दोन झालेल्याच राहतात, आणि त्या हाताने निस्तराव्या लागतात. तुमच्या अ‍ॅपखाली कुठला डेटाबेस आहे हे माहीत नसेल तर आज विचारून घ्या.

मग करायचं काय

मी आता एवढं करते. कॉलम एकत्र करायचे असतील तर नवा वाढवते, जुने तसेच ठेवते. काही आठवडे अ‍ॅप जुन्या आणि नव्या, दोन्हीत लिहितं. कुणाचाही प्रश्न अडत नाही अशी खात्री झाली की मगच जुने काढते, तेही वेगळ्या मायग्रेशनमध्ये आणि बॅकअप उघडून तपासल्यावर. जागा थोडी जास्त लागते. आमच्यासारख्या प्रयोगशाळेच्या डेटाला ती परवडते.

चाचण्या दोन करते. डेटाबेसच्या प्रतीवर पुढे जाऊन लगेच मागे येते आणि ओळीला ओळ ताडून बघते, ही पहिली. दुसरीत पुढे जाते, नव्या अ‍ॅपमधून चार-पाच नोंदी भरते, काही जुन्या बदलते, आणि मग मागे येते. माझा घात ज्यात झाला तो प्रकार दुसऱ्या चाचणीतच पकडला गेला असता. आणि जिथे मागे येणं शक्य नाही तिथे ‘नूप’ टाकत नाही. साधनाला अडू देते.

हे सरसकट लागू करू नका, एक अपवाद आहे. माणसांची माहिती असेल तर सगळंच जपून ठेवणं हा गुण नाही. एखाद्याने आपली माहिती पुसा म्हटलं, तर ती खरोखर परत न येण्यासारखीच पुसली गेली पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तो हक्क मान्य केलेला आहे. तिथे जुना कॉलम ‘असू दे’ म्हणून ठेवणं हीच चूक ठरेल. नदीच्या पाण्याला तो हक्क नाही, म्हणून माझं सोपं आहे.

पेपर असो की साधनाचं कागदपत्र, ‘उलटवता येतं’ असं लिहिलेलं दिसलं की तीन प्रश्न विचारा. काय परत येतं? मधल्या काळात लिहिलेल्याचं काय होतं? त्यासाठी लागणारी आठवण कुठे ठेवलीय? तिसऱ्याचं उत्तर सापडलं नाही तर पहिल्या दोनांच्या उत्तरांवर विसंबू नका.

आमच्या टेबलात आता पीएचचे दोन कॉलम पुन्हा आहेत. त्या पाच आठवड्यांचे आकडे मी तिसऱ्या, वेगळ्या कॉलममध्ये ठेवलेत आणि शेजारी ‘कुठे मोजलं’ असा एक कॉलम केलाय. त्यात तीनच पर्याय चालतात: नदीवर, प्रयोगशाळेत, माहीत नाही. त्या सगळ्या ओळींपुढे ‘माहीत नाही’ आहे. हे मायग्रेशन मागे घ्यायचा प्रयत्न केलात तर जँगो अडवतो. मी तसंच लिहिलंय.